पहिली धार धरतरीची

जिवल्याचं लगीन दुसऱ्या दिवशी होतं. आणि जिवल्याला तीन पोरं होती.

यात हसण्यासारखं काय नाय. पाड्यात तरी कोण हसत नाय. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की एका घरात राहायला लागतात. लगीन म्हंजे मांडव, लग्नाची गाणी गाणारी धवलेरी, तारप्यावर नाच, सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेल तवा. जिवल्या नि नवसीचं बावीस वर्षं जमलं नाय. यंदा जमवावंच लागलं, कारण थोरली दीपिका लग्नाला आली, आणि आईबापाचं लागल्याबिगर पोरीचं लागत नाय. एकच मांडव, दोन लग्नं. आधी आईबाप, मागनं पोरगी.

तसं एकदा जमत आलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. मांडव पडला होता, भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहून झाला होता, नवसी हळदीला बसली होती. आणि नवरदेव आला तो चार जणांच्या खांद्यावर. बाजारात दोस्तांनी पाजली, हा पीत गेला, आडवा झाला. नवसीचा बाप मंगळ्या मांडवातच बसला होता. उठला आणि एकेक मेढी उपटून सगळा मांडव आडवा केला. मग झोपलेल्या जिवल्याच्या कानात बोलला, "स्वतःच्या पायावर मांडवात उभा राहशील, तवाच तुझ्या हातची घेईन."

घेतली नायच. पाच वर्षं एका घरात बसून दोघं प्यायले, पण जिवल्याने पेला पुढे केला की म्हातारा तोंड फिरवायचा. मग तो मेला. दर वर्षी पितरांना दारूची धार जमिनीवर द्यायची येळ आली की मंगळ्याची धार नवसी द्यायची. जिवल्याची हिंमत नाय व्हायची.

असा हा जिवल्या. चार महिने डोंगराखालची खाचरं, आठ महिने बोईसरला कंपनीत माल भरायचं काम. राहायला सरावलीत खोली, एका खोलीत पाच जण. त्यातला एक रूपेश, फोर्कलिफ्ट चालवायचा. तोंडाचा फाटका, मनाने सोनं. जिवल्याला एकदा ताप भरला तवा याच रूपेशने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. तर या रूपेशने मोबाइलवर काय तरी बघितलं आणि खोलीत उडीच मारली.

"जिवल्या, तुझी बॅचलर पार्टी!"

"बॅचलर म्हंजे काय रं?"

"ज्याचं लगीन नाय झालं तो."

जिवल्याने जरा इचार केला. "मंग मी हायच बॅचलर. तीन पोरांचा बाप हाय, पण हाय."

खोली हसून हसून पडली.

प्रकार असा होता. हर्षित नावाचा एक पोरगा मुंबईवरून येऊन किनाऱ्याची फेरी काढायचा. गाडी त्याची, माहिती त्याची, एका दिवसात चार बार. केळव्यापासून चिंचणीपर्यंत. सकाळी निघायचं, चार वाजता बोईसर स्टेशनला सोडणार. रूपेशने दोन जागा पक्क्या करूनच टाकल्या होत्या.

बार जिवल्याने बाहेरून लय बघितले होते. केळव्याच्या त्या मोठ्या हॉटेलात तर त्याने लाद्या वाहिल्या होत्या, डोक्यावरून, दीड महिना. लाद्या बसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून वॉचमन आत सोडेना. आता त्याच लादीवर खुर्ची टाकून बसायचं!

पण हळद त्याच दिवशी होती. दिवस बुडायच्या आत.

रूपेश स्वतः जिवल्याबरोबर पाड्यावर गेला नवसीला सांगायला. ती मांडवाखाली तांदूळ वाटत होती. हात न थांबवता बोलली, "जाऊ दे. त्याला हौस हाय."

"वहिनी, मी आणतो ना परत. माझी जबाबदारी."

"तू नको आणू. मागल्या टायमाला पण लोकांनीच आणला व्हता." मग तिने जिवल्याकडे बघितलं. "स्वतःच्या पायावर ये. कोणी उचलून आणला तुला, तर हळद मी चुलीत टाकीन. पोरीचं पण लगीन ऱ्हाईल, ते तूच तिला सांग."

दीपिका दारात उभी होती. ती बापाकडे बघत राहिली. आणि जिवल्याला ते बघणं लागलं.

*

सकाळी गाडीत चौदा जण. वसईची एक पोरगी कीर्ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, विरारचे बँकवाले चार जण, बाकी असेच. गाडी चालवायला प्रदीप, गळ्यात माळ, थेंबाला शिवत नसे. हर्षितच्या हातात केशरी झेंडा, गळ्यात शिटी.

"तीन नियम," हर्षित बोलला. "ग्रुप सोडायचा नाही. ग्लास बारच्या बाहेर न्यायचा नाही. वेळ पाळायची. शिटी वाजली की गाडीत."

मग त्याला कळलं की नवरदेव पण आलाय. लगेच पिशवीतनं लाल चकचकीत फेटा काढला, त्याला लांब सोनेरी शेपटा, आणि जिवल्याच्या डोक्यावर ठेवला. सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींनी फोटो काढले. जिवल्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायला आलं.

"उद्या लग्न, काका?" कीर्तीने विचारलं.

"हां. माझं पहिलं, मंग पोरीचं."

ती पोरगी दोन मिनिटं हिशोबच लावत बसली.

पहिला बार केळव्याचा. तोच. वॉचमन पण तोच. त्याने जिवल्याला दार उघडून दिलं आणि सलाम ठोकला, फेट्याला असेल, पण ठोकला. समोर सुरूची झाडं, त्यामागे समुद्र लखलखत होता. थंडगार बियरचा ग्लास आला, वर फेस. जिवल्याने ग्लास उचलला, आणि लहानपणापासून हात करतो तेच हाताने केलं. पहिली धार धरतरीला. लादीवर.

"सांडलं, सांडलं!" वेटर पोछा घेऊन धावला. वरून फिनेल मारलं आणि एका फटक्यात पुसून घेतलं.

जिवल्या उभाच राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. धरतरीचा वाटा फिनेल टाकून पुसला! तोही लग्नाच्या आदल्या दिवशी!

"काय झालं रं?" रूपेश.

"तिला पोचलंच नाय. खाली लादी हाय. मीच वाहिली ही लादी." त्याने इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात कुंडीत मोठं हिरवंगार झाड होतं. जिवल्या गेला, वाकला, धार दिली. झाड प्लास्टिकचं. कुंडीत पांढरे खडे. बियर खळकन खालच्या भोकातनं लादीवर आली. वेटर परत पोछा घेऊन हजर.

मग जिवल्याने ग्लास छातीशी धरला आणि दारातनं बाहेर निघाला.

शिटी वाजली. "ओ काका! ग्लास! ग्लास बाहेर नाही न्यायचा!"

काका कसले थांबतात. सुरूच्या झाडाखाली गेले, चप्पल काढली, उकिडवे बसले. "धरतरी, घे. उद्या लगीन हाय, ये. हिरवा देवा, घे. नारनदेवा, तू पण ये. वाघदेवा, तू ये पण लांब बस, पोरं भितात. कणसरी माते..." एकेकाला एक धार. रीत अशी, की देवाला नि पितरांना आधी, उरेल ते आपलं. आणि नुसता पेला असला तर थेंब थेंब चालतो, पण हे लग्नाचं आवतण होतं. आवतणाला थेंब देऊन कसं चालेल? एवढ्या वर्षांनी बोलावतोय!

देव संपले तवा ग्लास पण संपला होता.

हर्षित कमरेवर हात ठेवून उभा. "झालं?"

"देवांचं झालं. पितरं ऱ्हायली."

*

दुसरा बार माहीमला, बागायतीच्या मधोमध. इथे पण लादी. जिवल्या आत बसलाच नाय. ग्लास घेतला, सरळ मागच्या दाराने पोफळीखाली. बापाला धार, आईला धार, काकाला, आतेला. आते लय प्यायची, तिला दोनदा. आज्याचं नाव घेताना एक आजा दोन बायकांचा होता ते आठवलं, मग त्या दोघींना सारखी सारखी, नायतर वर भांडणं.

मागे पावलं वाजली. कीर्ती होती, हातात तिचा ग्लास.

"काका, मला पण एकीला सांगायचंय. माझी आजी. पण ती कधीच प्यायली नाही."

"मंग चाखू दे की. आता कोण रागावतंय तिला?"

पोरीने चपला काढल्या आणि हळूच धार सोडली. "आज्जी, घे गं. कडू लागेल." आणि मग ती अशी हसायला लागली की डोळ्यांतनं पाणी. तिच्या मैत्रिणी आल्या. बँकवाले आले. एकाने मेलेल्या कुत्र्याला चालेल का विचारलं. जिवल्या बोलला, "राखणदार व्हता ना? मंग त्याला तर आधी पायजे."

बारमध्ये चखना तसाच पडून, आणि पोफळीखाली बारा जणांची रांग. शिटी वाजून वाजून हर्षितचा गळा सुकला.

एक रूपेशच आत होता. तो सगळ्यांच्या बदल्यात पीत होता. "जिवल्याच्या लग्नाची!" असं ओरडून एक. "दीपिकाच्या लग्नाची!" असं ओरडून दुसरी. जिवल्याचा उरलेला चखना पण त्यानेच खाल्ला.

जिवल्याला तहान नव्हती असं नाय. भलतीच होती. मे महिन्याचं ऊन, हातात घाम सुटलेला थंड ग्लास, आणि दर येळेला वाटायचं, आता संपली यादी, आता उरलेला घोट आपला. तेवढ्यात कोण तरी आठवायचं. ओठापर्यंत नेलेला ग्लास खाली यायचा.

तिसऱ्या बारला तर कमालच झाली. घिवलीच्या अलीकडे, खाली दगड आणि लाटा. जिवल्याने दोन सीझन घिवलीच्या बोटीवर खलाशी म्हणून काढले होते, नरहरी तांडेलाच्या हाताखाली. पोहता येत नव्हतं, तरी त्या माणसाने याला कमरेला दोर बांधून काम शिकवलं. नरहरी तांडेल एका वादळात गेला, बॉडी पण नाय मिळाली. मग त्याला जमिनीत कशी देणार? जिवल्या दगड उतरून खाली गेला, फेटा सांभाळत, आणि भरलेला पेग एकदम लाटेत ओतला.

"तांडेल, लगीन हाय! उद्या! सुकी जागा हाय, पण ये!"

वरती बाकी सगळे ओरडले, "ये!"

जिवल्या वर आला तर हर्षित दगडावर एकटा बसला होता. शिटी खिशात. हळूच बोलला, "काका, आमच्यात दारू चालत नाही. मी पण नाही पीत."

"आँ? आन तू लोकांना बार दाखवतो?"

"पोटासाठी. माझे पप्पा गेले दोन वर्षांपूर्वी. त्यांना कळलं असतं मी काय करतो, तर..." त्याच्या हातात लिंबू सोडा होता. "हा चालेल?"

"सोडा तर लय चांगला. पोटाला बरा."

हर्षितने सोडा ओतला. काय बोलला ते लाटेत ऐकू आलं नाय. पण उठला तवा त्याने स्वतः बारमध्ये जाऊन सांगितलं, की माझ्या लोकांचे ग्लास बाहेर येतील, फुटले तर माझ्यावर.

*

चिंचणीच्या चौथ्या बारला घोटाळा झाला. रूपेश पडला.

पडला म्हंजे टेबलावरच झोपला. झोपायच्या आधी जिवल्याच्या डोक्यावरचा लाल फेटा काढून स्वतःच्या डोक्यावर चढवला होता, "आता माझं पण लावा कोणी तरी," असं रडून. चार वाजून गेले होते. बोईसरला गाडी सोडणार, तिथनं पाडा किती लांब, हायवेच्या पल्याड, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाय.

"काका, तुम्ही रिक्षा पकडा," बँकवाला बोलला. "याला आम्ही स्टेशनवर बसवतो. शुद्धीत आला की जाईल."

जिवल्याने त्याच्याकडे असं बघितलं की बँकवाला एक पाऊल मागे गेला.

"तापात हा मला पाठीवर घेऊन पळाला व्हता. आन मी याला फलाटावर टाकू?"

पुढ्यात त्याचा चौथा ग्लास भरलेला. गार. यादी खरंच संपली होती. एकच नाव उरलं होतं, आणि ते नाव बारमध्ये घ्यायची त्याची हिंमत नव्हती. म्हंजे हा ग्लास आता त्याचा होता, रीतीने, हक्काने. त्याने ग्लास उचलला. नवसीचं बोलणं आठवलं. दीपिकाचं बघणं आठवलं. ग्लास तसाच खाली ठेवला आणि उठला.

"हर्षित भाऊ, येळ काय झाली?"

"साडेचार."

हर्षितने झेंडा गुंडाळला, परत उलगडला, आणि जोरात शिटी मारली. "सगळे गाडीत! बोईसर स्टेशन कॅन्सल! प्रदीप, हायवेच्या पलीकडे घे. आज पाचवा बार आहे!"

गाडी अशी सुटली की बस! कीर्ती नि तिच्या मैत्रिणी गात होत्या, बँकवाले खिडकीतनं रिक्षावाल्यांना ओरडत होते, "बाजू! नवरदेव आहे!" बोईसरच्या नाक्यावर ट्रक आडवा लागलेला, तर हर्षित स्वतः उतरला आणि झेंडा दाखवून गाडी काढली. जिवल्या पुढे प्रदीपच्या बाजूला बसून आरशातनं मागचा सूर्य बघत होता. सूर्य खाली, गाडी पुढे. सूर्य खाली, गाडी पुढे.

पाड्याच्या अलीकडे रस्त्याखालची मोरी खणून ठेवलेली. गाडी पुढे जाईना. तिथनं बांधाबांधाने चालत. सूर्य डोंगराच्या वर एक हात राहिला होता, आणि लांबून वाजप ऐकू येत होतं.

जिवल्या वाकला. "टाका त्याला पाठीवर."

रूपेश काय हलका माणूस नाय. पण जिवल्याने आयुष्यभर गोण्याच वाहिल्या. दोन्ही पाय काखेत घेतले आणि निघाला, जवळजवळ पळतच. मागे हर्षित झेंडा घेऊन, त्याच्या मागे सगळे. पाठीवर रूपेश, रूपेशच्या डोक्यावर लाल फेटा, सोनेरी शेपटा उन्हात चमचमतोय.

अर्ध्या बांधावर आला, आणि वाजप थांबलं.

जिवल्याला आधी कळलं नाय. मग मांडवातनं बायांचा आवाज आला. "आणला गं, आणला! परत उचलून आणला!" आणि मग नवसीचा आवाज, सगळ्यांच्या वर. "द्या ती हळद इकडे. चूल पेटलेली हाय."

तवा जिवल्याच्या डोक्यात उजेड पडला. फेटा! लांबून फेटाच दिसतो, तोंड कुठं दिसतंय!

"नवसी!" तो ओरडला. "नवसी, थांब! तो मी नाय! खालचा मी हाय! खालचा!"

मागनं चौदातले बारा जण ओरडायला लागले, "खालचे काका आहेत! खालचे!" पाड्याला काय समजेना. जिवल्या धावत सुटला, बांधावरनं, कुत्री मागे, आणि सरळ मांडवात येऊन दोन्ही पायांवर उभा राहिला. घाम गळत होता. पण उभा होता.

नवसी हळदीची वाटी घेऊन चुलीपाशी. हात अर्ध्यात थांबलेला.

ती आली. वरच्याला बघितलं. खालच्याला बघितलं.

"तोंड उघड."

जिवल्याने आ केला. तिने नाक जवळ नेलं, एकदा, दोनदा. तिचं कपाळ आक्रसलं.

"चार बार फिरलास ना?"

"हां."

"मंग वास कुठं हाय?"

"वाटली. आवतणं देत आलो. देव, बा, आय, आते, नरहरी तांडेल. उरली ती तिथंच ठेवून आलो."

नवसीच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, तिने ते गिळलं. "सगळ्यांला दिली?"

"एक सोडून."

सगळ्यांना ठाऊक होतं तो एक कोण. रूपेश तेवढा पाठीवर घोरत होता. दोघा जणांनी त्याला उतरवून खाटेवर टाकला.

नवसी आत गेली आणि बाहेर आली ती दोन पेले घेऊन. घरामागच्या ताडाची, त्याच दिवशी उतरवलेली ताडी. एक पेला तिने जिवल्याच्या हातात दिला. मधल्या मेढीकडे बोट केलं. बापाने नऊ वर्षांपूर्वी सगळ्यात आधी उपटली होती ती हीच मेढी. दीपिका बाजूला येऊन उभी राहिली.

जिवल्याने चप्पल काढली. इथे लादी नव्हती. शेणाने सारवलेली, उन्हाने तापलेली जमीन होती.

"मंगळ्या," तो बोलला. "सासऱ्या, हा बघ. उभा हाय. माझ्या पायावर. घे आता."

धार सोडली. पेलाभर सोडली, हात आखडला नाय. आणि जमिनीने ती अशी ओढून घेतली, फस्सकन, की थेंब पण वर राहिला नाय. ओला डाग दिसला, आणि बघता बघता तो पण गेला.

"प्यायला!" एक म्हातारी ओरडली. "मंगळ्या प्यायला रं! एका दमात!"

तारपा घुमला. वाजप सुरू झालं. हर्षितने शिटी वाजवली, तालात. वसईच्या पोरींना बायांनी हाताला धरून फेरात ओढलं, बँकवाल्यांच्या चपला कुठल्या कुठे गेल्या. धवलेरीने गाणं उचललं आणि नवसीने वाटीत चार बोटं बुडवून जिवल्याच्या दोन्ही गालांना हळद थापली, जरा जोरातच.

मग दुसरा पेला पुढे केला.

"आता तू पी. सकाळपासून तहानला असशील."

जिवल्याने पेला घेतला. सवयीने हात खाली गेला, धार द्यायला. नवसीने मनगट धरलं.

"सगळ्यांला पोचली. ही तुझी."

सूर्य डोंगराला टेकला होता. जिवल्याने पेला तोंडाला लावला.